चौदातले नऊ

फेब्रुवारी 2023 मधली आमच्या पॅनेलची बैठक अजून डोक्यातून जात नाही.

मुंबईचा पोलीस आयुक्त म्हटलं की आपल्याला वर्दीतला अधिकारी आठवतो. इंग्लंड आणि वेल्समधला पोलीस अँड क्राइम कमिशनर मात्र 2012 पासून लोकांच्या मतांवर निवडून येतो. पोलिसांचं बजेट त्याच्या हातात आणि चीफ कॉन्स्टेबल, म्हणजे वर्दीतला पोलीसप्रमुख, नेमणारा, काढणाराही तोच. त्याच्यावर नजर ठेवायला स्थानिक कौन्सिलर आणि स्वतंत्र सदस्यांचं एक पॅनेल असतं. अशा एका पॅनेलचा अजेंडा, इतिवृत्त आणि नियमांचा सल्ला हे माझं काम.

कौन्सिल टॅक्समधला, म्हणजे घरांवरच्या स्थानिक करातला, पोलिसांचा वाटा किती वाढवायचा, हे कमिशनर 1 फेब्रुवारीपर्यंत कळवतो आणि पॅनेलने 8 तारखेच्या आत निर्णय घ्यायचा असतो. एवढं जाडजूड बजेट वाचायला सदस्यांना जेमतेम आठवडा मिळतो. त्या वर्षी सरकारने बँड डीच्या, म्हणजे करासाठी मधल्या किंमतगटात धरलेल्या, घरामागे वर्षाला 15 पौंडांपर्यंत वाढीची मुभा दिली होती. आमच्या कमिशनरने पूर्ण 15 मागितले.

सदस्यांनी तयारी उत्तम केली होती. एका बाईंनी तर राखीव निधीचं कोष्टक ओळीओळीने उलगडून विचारलं, एवढी शिल्लक असताना गावातले बीट पोलीस का कमी होताहेत? नीट उत्तर आलंच नाही. शेवटी व्हेटो, म्हणजे कमिशनरचा आकडा नाकारायचा पॅनेलचा अधिकार, मतदानाला टाकला. बाजूने नऊ, विरोधात तीन.

आणि व्हेटो पडला. कायद्याला हजर सदस्यांचं नव्हे, एकूण सदस्यसंख्येचं दोन तृतीयांश लागतं. आमचे सदस्य चौदा, म्हणजे दहा मतं हवीत. गैरहजर दोघांपैकी एक स्वतंत्र सदस्य मुलीजवळ राहायला दुसऱ्या गावी गेले होते. ‘राजीनामा पाठवतो’ असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं, पण लेखी काहीच आलं नव्हतं. लेखी नाही तोवर ते सदस्यच, असं कौन्सिलच्या कायदा अधिकाऱ्यांचं मत होतं आणि ते बरोबर होतं. पत्र आदल्या दिवशी आलं असतं तर सदस्य तेरा झाले असते आणि नऊ मतं पुरली असती. ‘पत्र लवकर पाठवा’ असं मी त्यांना सांगणं तटस्थतेला धरून झालं नसतं. तरीही ते पत्र माझ्या मनातून जात नाही.

व्हेटो मंजूर झाला असता तरी कमिशनरला फक्त आधीपेक्षा कमी आकडा आणावा लागला असता, भले थोडासाच कमी. दुसऱ्यांदा व्हेटो करता येत नाही. कमिशनरला काढणं तर दूरच: 2014 मध्ये रॉदरहॅममधल्या मुलांच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणानंतर साउथ यॉर्कशायरच्या पॅनेलने तिथले कमिशनर शॉन राइट यांच्यावर अविश्वास व्यक्त केला, पण त्यांना पदावरून काढायचा अधिकारच पॅनेलला नव्हता. काही दिवसांनी त्यांनी स्वतःहून राजीनामा दिला. आपल्याकडे सरपंचावरच्या अविश्वास ठरावाला निदान कायद्याचं बळ आहे. निवडून आलेल्या माणसावर देखरेख ठेवा म्हणायचं आणि हाती काहीच द्यायचं नाही, हा सदस्यांवर अन्याय आहे. त्या बाई नोकरी सांभाळून रात्री कोष्टकं वाचत होत्या.

आता कमिशनरची ही पदंच 2028 मध्ये रद्द करायचं सरकारने जाहीर केलंय. त्या बैठकीच्या इतिवृत्तात मी नऊ विरुद्ध तीन हे आकडे मात्र आग्रहाने घातले. ‘व्हेटो झाला नाही’ एवढंच लिहून चाललं असतं, पण मला ते पटलं नाही.