तीन पिढ्यांचं समुपदेशन: नाशिकमधला माझा अनुभव

गंगापूर रोड असो की इंदिरानगर, समुपदेशन केंद्राची पाटी सहज दिसते. पाटीवरून शिक्षण मात्र कळत नाही. घरातला नऊ वर्षांचा मुलगा, अकरावीतली पुतणी आणि सासूबाई अशा तिघांसाठी समुपदेशक शोधताना मी फोनवरच विचारून घेतलं: शिक्षण काय, कुणाच्या देखरेखीखाली काम शिकलात, आणि कोणत्या वयाची माणसं जास्त येतात?

मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, औषधं ते लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो मागून पडताळावा. एम.ए. करून समुपदेशन करणाऱ्या अनेकांकडे असा क्रमांक नसतो. म्हणून ते कमी ठरत नाहीत, पण त्यांचा अनुभव खोदून खोदून विचारावा. 'सगळ्या वयांसाठी' असं म्हणणाऱ्यांना मी पुढचा प्रश्न टाकते: लहान मुलाबरोबर तासभर नेमकं काय करता? 'समजावून सांगतो' असं उत्तर आलं, की दुसरीकडे बघावं.

कारण मुलांचं काम बोलण्यातून कमी आणि खेळातून जास्त होतं. पहिली भेट बहुधा फक्त आईवडिलांची: जन्म, बोलायला कधी लागला, झोप, शाळा, घरातले बदल. नंतर माती, बाहुल्या, खडू. मुलानं घरातल्या माणसांचं चित्र काढलं आणि आजोबांना कोपऱ्यात बसवलं, तर चांगला समुपदेशक लगेच अर्थ लावत नाही. 'हे इथे काय करताहेत?' एवढंच विचारून थांबतो. गडबड होते ती परतीच्या रिक्षात. 'काय काय बोललास?' अशी उलटतपासणी आपण केली, की पुढच्या वेळी पोर गप्प बसतं.

किशोरवयात गोपनीयतेची बोलणी आधी व्हायला हवीत, तीही मुलीसमोर. जिवाला धोका असेल तर पालकांना सांगावंच लागतं. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. बाकीचं तिचं तिच्यापाशी राहतं. हे मान्य करणं पालकांना जड जातं, पण त्याशिवाय ती तोंड उघडणार नाही.

ज्येष्ठांच्या बाबतीत 'मन लागत नाही' हे वाक्य क्वचितच ऐकू येतं. अंग दुखतं, झोप नाही, जेवण जात नाही, विसरायला होतं, अशाच तक्रारी असतात. म्हणून थायरॉईड आणि बी-१२ च्या तपासण्या, चालू औषधांची यादी, चष्मा आणि श्रवणयंत्र सोबत न्यावं. नीट ऐकू न आल्यामुळे चुकलेली उत्तरं विस्मरणाच्या खात्यात जमा होऊ शकतात.

एक सत्र साधारण ४५ ते ५० मिनिटांचं, सुरुवातीला आठवड्यातून एकदा. विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणाऱ्या पद्धतीत १२ ते २० सत्रं धरून चालावं. तिसऱ्या-चौथ्या भेटीत जरा बरं वाटताच लोक थांबतात, आणि तेव्हा तर खरं काम सुरू होत असतं.

पैशांचं आधी स्पष्ट बोलून घ्यावं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजारही शारीरिक आजारांप्रमाणेच धरायला लावलं, तरी दाखल न होता घेतलेल्या समुपदेशनाचा खर्च पॉलिसीत येतो का, हे वेगळं तपासावं. परवडत नसेल तर त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. रात्री-अपरात्री गरज पडली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.