२२ फूट आणि ३७ फूट

१९७२ साली, निर्मलजीत सिंग सेखों यांच्या परमवीरचक्राची बातमी येऊन गेल्यावर, आमच्या किनाऱ्यावरच्या शाळेत इतिहासाच्या सरांनी आठवीचा अख्खा वर्ग व्हरांड्यात काढला. गवंड्याचा टेप घेऊन फरशीवर खडूच्या दोन रेषा ओढल्या : एक २२ फुटांची, दुसरी ३७ फुटांची. पहिली म्हणजे आपल्या नॅट विमानाचे पंख, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दुसरी पाकिस्तानी सेबर विमानाची. ही मापं त्यांनी कुठून मिळवली देव जाणे. जुन्या मासिकांचे गठ्ठे असत त्यांच्याकडे. २२ फूट म्हणजे आमच्याकडचं साधं पडाव, म्हणजे होडीसुद्धा त्याहून लांब! एवढ्याशा विमानातून फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों लढले, हे आमच्या डोक्यात शिरायला तेवढं पुरलं.

सेखों लुधियाना जिल्ह्यातल्या इसेवालचे. वडीलही हवाई दलातले. १९६७ मध्ये सेखों वैमानिक म्हणून दाखल झाले आणि १९७१ च्या युद्धात १८ व्या स्क्वाड्रनबरोबर श्रीनगरला होते. लग्नाला जेमतेम काही महिने झाले होते. सरांचा भर मात्र दुसऱ्याच गोष्टीवर होता. आंतरराष्ट्रीय करारामुळे युद्ध सुरू होईपर्यंत श्रीनगरला लढाऊ विमानं ठेवलेलीच नव्हती. म्हणजे ते डोंगर, ती थंडी, ती उंची या वैमानिकांना नवखी. बेटाबेटांतून होडी काढायची असेल तर आधी खडक कुठे ते ठाऊक हवं, हे आमच्या वर्गाला वेगळं सांगावं लागलं नाही.

१४ डिसेंबरला सहा सेबर तळावर आली. नॅटची जोडी सज्ज होती. पुढे फ्लाइट लेफ्टनंट घुम्मण, मागे सेखों. धावपट्टीवर बॉम्ब पडत असतानाच सेखोंनी विमान उचललं. धूळ आणि धूसर हवेत दोघांची चुकामूक झाली. मग सेखों एकटेच सेबरच्या मागे लागले. सन्मानपत्रानुसार एका विमानावर त्यांचे गोळे लागले, दुसरं पेटवलं. शेवटी संख्याबळापुढे त्यांचं विमान पडलं. अवशेष मिळाले, देह मिळाला नाही. दोन दिवसांनी युद्ध संपलं.

सर थांबले तेव्हा मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, “सर, पण तेका परत उतराक जागा खंय होती?” आम्ही हसलो. सर हसले नाहीत. म्हणाले, “बरोबर विचारलंस. अशा वेळी त्याचा हिशेब करत बसलं की उड्डाण होत नाही.” इतिहासाच्या पेपरात हा प्रश्न कधी आला नाही, पण पानिपतच्या सनावळीपेक्षा मला हाच तास जास्त आठवतो.

पुढे मी बोटीवर लागलो, आपल्याकडच्या निम्म्या पोरांसारखा. १९८० च्या दशकात शिपिंग कॉर्पोरेशनने १५ तेलवाहू जहाजांना परमवीरचक्राच्या मानकऱ्यांची नावं दिली, आणि त्यातल्या सेखोंच्या नावाच्या जहाजावर माझी नेमणूक झाली. हुद्दा, पूर्ण नाव, वर पी.व्ही.सी., म्हणजे परमवीरचक्र. वायरलेसवर ते नाव सांगताना रेडिओ ऑफिसरची दमछाक व्हायची. सारंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, एकदा मला दोरावरच्या फळीवर बसवून नाव रंगवायला लावलं. अक्षरांच्या कडा वेल्डिंगने उठवलेल्या असतात, बोटांना खरखरीत लागतात. त्यांच्या आत ब्रश फिरवायचा. ‘निर्मलजीत’पर्यंत येता येता डबा संपला आणि वरून शिव्या सुरू झाल्या.

दुसऱ्या एका जहाजावर रामा राघोबा राणे यांचं नाव होतं. हे तर कारवारजवळच्या चेंडियाचे, म्हणजे आपल्याच किनाऱ्याचे. १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. पुरस्कार घ्यायला ते हयात होते, ही त्यातली सुखाची बाब. मात्र त्यांचं नाव शाळेत माझ्या कानावर कधी पडलं नाही, आणि हे मला आजही पटत नाही. हवाई दलाचे परमवीरचक्राचे एकमेव मानकरी म्हणून सेखों सांगावेतच. पण राणेही सांगा. दोघांविषयीची कात्रणं आणि जहाजाचे दोन फोटो ग्रंथालयाला दिले आहेत. कपाटाची किल्ली तिथल्या बाईंकडे असते.