मालू

मालू म्हटलं की मला अजूनही साताऱ्याची मालूमावशीच आठवते. इथे ऑकलंडमध्ये मात्र मालू म्हणजे सामोअन, म्हणजे पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरच्या, बायकांच्या पायांवरचं गोंदण. मांडीपासून सुरू होतं ते गुडघ्याच्या जरा खाली संपतं. ज्या बाईंबरोबर वृद्धाश्रमात मी तीन वर्षं रात्रपाळी केली, त्यांच्या पायांवर ते आहे याचा मला पत्ताच नव्हता. कामावर कायम काळी पँट.

ते दिसलं ऑकलंडच्या मांगेरे उपनगरातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये, त्यांच्या मुलीच्या एकविसाव्या वाढदिवसाला. शेवटचा नाच, ताउआलुंगा, सुरू झाला. बाई संथ पावलांनी पुढे आल्या, घागऱ्याची कड जराशी वर गेली आणि गुडघ्यामागे बारीक काळी नक्षी दिसली. हॉल एकदम ओरडायला लागला. मालू मिरवायची नसते. अशा मानाच्या वेळी दिसली तर दिसली.

पुढच्या पाळीला, रात्री दोनच्या चहाला, मी विचारलंच: "या आकारांचा अर्थ काय?" टॅटूच्या दुकानांतले तक्ते बघून माझी समजूत झाली होती की कासव म्हणजे दीर्घायुष्य, लाट म्हणजे प्रवास, वगैरे. त्या हसल्या. ही गोम, हा तारामासा, हा समुद्रपक्षी, आणि गुडघ्यामागचा हा पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार, त्यालाही मालूच म्हणतात. मालू म्हणजे आसरा, राखण. पण ही झाली नावं, म्हणाल्या. ते अंगावर घ्यायचं म्हणजे घरच्यांसाठी, गावासाठी राबायला हो म्हणायचं.

पुरुषांचं ते पेआ. कमरेपासून गुडघ्यापर्यंत सगळं अंग काळं, बेंबी सगळ्यात शेवटी. परंपरेने रानडुकराच्या सुळ्याच्या दातेरी फणीवर लाकडी दांडक्याने ठोकत ठोकत, दिवसेंदिवस. मध्येच उठून गेलेल्याचं अर्धवट पेआ ही साऱ्या घराण्याची नामुष्की, म्हणून सोबत गोंदवून घेणाऱ्या जोडीदाराबरोबर बसायची पद्धत आहे. कथा अशी की ताएमा आणि तिलाफाइंगा या दोन बहिणी फिजीहून पोहत येताना गात होत्या, "बायकांना गोंदा, पुरुषांना नको". वाटेत शिंपल्यासाठी बुडी मारली आणि वर आल्या तेव्हा गाणं उलटं झालेलं! पुरुषांच्या वाट्याला एवढं मोठं दुखणं का आलं, याचं मला तरी हे पटलेलं कारण आहे.

१८३० मध्ये सामोआत ख्रिस्ती मिशनरी आले. मिशनऱ्यांमुळे पॅसिफिकमधल्याच ताहिती बेटावर गोंदणं जवळजवळ पुसलं गेलं, सामोआत ते टिकलं. आपण बिनदिक्कत वापरतो तो 'टॅटू' शब्दही याच बेटांवरच्या 'ताताऊ'वरून आलेला. १७६९ मध्ये इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकचं जहाज ताहितीला थांबलं, तिथून तो इंग्रजीत शिरला.

मग मी आजीचं सांगितलं. हनुवटीवर तीन ठिपके, हातावर तुळशीवृंदावन. सोनंनाणं इथेच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं ती म्हणायची. बाईंना ते फार आवडलं. त्यांना स्वतःला गोंदलं तेव्हा त्या चटईवर पडून होत्या, दोघीजणी कातडी ताणून धरत होत्या आणि मावशीने सगळा वेळ हात सोडला नव्हता.

"तुझ्या आजीचा हात कोणी धरला होता?" त्यांनी विचारलं.

मी आजीला ते कधी विचारलंच नव्हतं.