एडवर्ड वेसाला ऐकताना

४ डिसेंबर

फिनलंडचा जॅझ ड्रमवादक आणि संगीतकार एडवर्ड वेसाला १९९९ साली आजच्याच तारखेला गेला, वयाच्या अवघ्या ५४व्या वर्षी. त्या निमित्ताने आज त्याच्या ध्वनिमुद्रिका कालक्रमाने ऐकल्या.

हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत शिकलेल्या वेसालाने रॉक संगीतातही उमेदवारी केली होती. मात्र नॉर्वेचा सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक याच्यासोबतची ‘ट्रिप्टिकॉन’ आणि पोलंडचा ट्रम्पेटवादक तोमाश स्तान्को याच्यासोबतची ‘बलादिना’ या सत्तरच्या दशकातील मुद्रिकांत तो ठेका धरण्याच्या जबाबदारीतून जवळजवळ मोकळा झालेला दिसतो. दोन्हींत पियानो नाही, त्यामुळे सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेटच्या भोवती जी मोकळी जागा उरते, ती झांजांच्या लांबत जाणाऱ्या नादाने आणि मध्येच येणाऱ्या एखाद्या जड आघाताने तो रंगवतो. तबल्याच्या ठेक्यावर पोसलेला माझा कान सुरुवातीला समेची वाट पाहत राहिला. ती येणार नाही हे कळल्यावरच ऐकणे सुरू झाले.

ड्रमवादकाने लिहिलेले संगीत म्हणजे ड्रमच्या करामतींचे प्रदर्शन, ही अपेक्षा वेसाला पार खोटी ठरवतो. ‘द विंड’ ही रचना आधी ‘नान मदोल’मध्ये आणि पुढे १९८६ साली हेलसिंकीत ध्वनिमुद्रित झालेल्या ‘लुमी’मध्ये येते. ‘लुमी’च्या वाद्यमेळात सॅक्सोफोनांच्या जोडीला ट्यूबा, हार्प आणि अकॉर्डियन आहे, आणि इतकी वाद्ये हाताशी असूनही रचनेला कुठेही घाई नाही. स्वतःच्याच रचनेत स्वतःचे वाद्य मागे ठेवण्याचा हा संयम मला त्याच्या वादनकौशल्याहूनही मोठा वाटतो.

‘लुमी’ वाजवणारा ‘साउंड अँड फ्युरी’ हा संच मुख्यतः तरुण वादकांचा होता आणि तो वेसालाच्या कार्यशाळेतून घडला. पुढच्या मुद्रिकेला त्याने ‘ओड टू द डेथ ऑफ जॅझ’ असे नाव दिले. साचेबद्ध जॅझवरचा राग त्याने लपवला नाही; तो राग थोडा नाटकी आहे, पण संगीत तसे नाही.

त्याची पत्नी इरो हार्ला हिच्याविषयी मात्र अधिक लिहिले जायला हवे होते. ती या संचात पियानो आणि हार्प वाजवत असे, शिवाय वेसालाच्या संगीताच्या वाद्ययोजनेत तिचा मोठा वाटा होता, आणि तरीही मुखपृष्ठावर ठळक नाव त्याचेच असे. २००५ साली तिच्या स्वतःच्या नावाने ‘नॉर्थबाउंड’ प्रसिद्ध झाली, तेव्हा वेसालाला जाऊन पाच वर्षे उलटली होती. ‘लुमी’नंतर ती लगेच लावली, तर ज्या संथ, विरळ स्वररचनेला आपण वेसालाची शैली म्हणत आलो, तिच्यात हार्लाचे किती होते, हा प्रश्न टाळता येत नाही.