ओझर ते दिल्ली

आज बाबांना ताईकडे दिल्लीला जायचे होते, म्हणून पहाटेच ओझर विमानतळावर सोडून आलो. ते प्रथमच विमानात बसणार असल्याने आदल्या रात्री आम्ही दोघे नकाशा घेऊन बसलो होतो. नाशिकरोडहून निघालेली रेल्वे मनमाड, भुसावळ, खंडवा करत आधी पूर्वेला इटारसीपर्यंत जाते आणि तिथून भोपाळ, झाशीमार्गे उत्तरेला वळते, त्यामुळे तो प्रवास सुमारे साडेतेराशे किलोमीटरचा होतो. ओझर ते दिल्ली हे सरळ हवाई अंतर मात्र जेमतेम हजार किलोमीटर आहे. "मग ताशी आठशेच्या वेगाने सव्वा तासात पोहोचायला हवे, दोन तास कशाला?" असे बाबांनी विचारले, आणि प्रश्न रास्तच होता. विमानाला तो वेग उंचावर गेल्यावरच मिळतो. धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे आणि दिल्लीच्या गर्दीत उतरण्याची पाळी येणे, यांतच बराच वेळ जातो. शिवाय घरून ओझरला वीसेक किलोमीटर जाणे आणि तिथे दोन तास आधी पोहोचणे वेगळेच.

एकेकाळी याच प्रवासाला त्यांना जवळपास एक दिवस लागत असे. आज दुपारचे जेवण त्यांनी ताईच्या हातचे घेतले, हे फोनवर ऐकून आईचे डोळे भरून आले.