धुरासाठी पांढरा रंग

लढाईची जुनी तैलचित्रं मला बहुतेक वेळा खोटी वाटतात. सेनापतीचा घोडा पुढचे दोन्ही पाय उचलून उभा, अंगावर चिखलाचा शिंतोडा नाही, आणि मरणारेसुद्धा चित्राचा तोल सांभाळून मरतात. पेन्सिलीनं काढलेली लढाई दिसली की मात्र मी रेंगाळतो.

सध्या आल्फ्रेड वॉडच्या नादी लागलोय. लंडनमध्ये जन्मलेला हा माणूस अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धात ‘हार्पर्स वीकली’ साप्ताहिकासाठी चित्रं काढत फौजेबरोबर हिंडला. कॅमेरा तेव्हा होता. पण ओल्या काचेवर काही सेकंद उजेड पडू द्यावा लागे, आणि धावता शिपाई तेवढा वेळ थांबतोय कुठला! त्यामुळे लढाईआधीची छावणी आणि नंतरची प्रेतं फोटोत, मधलं सगळं पेन्सिलीत. वॉडचा स्वतःचा फोटो मात्र आहे: जुलै १८६३, गेटिसबर्ग, दगडावर बसून चित्र काढताना. फोटोपुरता तो अगदी स्थिर बसलाय.

त्याची मूळ रेखाटनं वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि घरबसल्या पडद्यावर मोठी करून बघता येतात. मी पुन्हा पुन्हा बघतो ते मे १८६४ मधलं, व्हर्जिनियातल्या विल्डरनेसच्या लढाईचं. उत्तरेचा सेनापती ग्रँट आणि दक्षिणेचा ली यांच्या फौजा दाट रानात भिडल्या, रान पेटलं आणि ज्यांना हलता येईना असे जखमी तिथेच होरपळले. बंदुकांना घोंगडी अडकवून केलेल्या झोळीतून एकाला बाहेर काढताहेत, तेवढाच हा प्रसंग. ना झेंडा, ना सेनापती.

त्यातली खरी युक्ती तपकिरी कागदात आहे. पांढऱ्या कागदावर उजेड म्हणजे न काढलेली जागा. तपकिरीवर मधली छटा आयतीच मिळते. सावलीकडे जायचं तर पेन्सिल दाबायची, उजेडाकडे जायचं तर पांढरा रंग लावायचा. म्हणून धूर नुसता सोडून दिलेला नसतो, तो काढलेला असतो. झाडांच्या मागून येतो, माणसांवर चढतो. पांढऱ्या रंगाचा इतका भयंकर उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

चित्र न्यूयॉर्कला पोचलं की ते कोरून छापण्यासाठी बॉक्सवूड या लाकडाच्या ठोकळ्यावर उलटं उतरवत. या झाडाचं खोड बारीक, म्हणून छोटे तुकडे बोल्टांनी जोडून मोठा ठोकळा करत. पान तातडीचं असेल तर तुकडे सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांना वाटत. एकाकडे आभाळ, दुसऱ्याकडे घोड्याचा मागला भाग! कोरून झालं की पुन्हा जोडायचे. छापलेल्या पानावर कधीकधी सांध्याची बारीक पांढरी रेघ दिसते. हे ठाऊक असलेला चित्रकार दोन-तीन शिपाई नीट काढे आणि उरलेल्या पलटणीच्या नुसत्या रेघा ओढे. पुढचं कोरणारे बघून घेतील. ते बघून घेतही. सगळ्यांना टोप्या मिळत, रांगा सरळ होत. मला त्या रेघाच जास्त खऱ्या वाटतात. गोळ्या सुटत असताना तिथं उभ्या असलेल्या माणसाला यापेक्षा अधिक काय दिसणार?

९ एप्रिल १८६५ला अ‍ॅपोमॅटॉक्सच्या एका घरात शरणागतीवर सही करून जनरल ली घोड्यावरून निघाला, तेही वॉडनं टिपलं. या घोडेस्वाराशी आपलाही हिशेब आहे. दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या आरमारानं अडवली, इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापूस लागला आणि मुंबईत पैसा ओतला. समुद्र बुजवायला निघालेल्या कंपन्यांचे शेअर वेड्यासारखे चढले. युद्ध संपताच कापूस घसरला, त्याच वर्षी शेअर कोसळले आणि पुढे प्रेमचंद रायचंदांसारखे बडे शेठही त्यात बुडाले. भाव पडल्याची बातमी आली तेव्हा कापसाच्या बाजारात काय चेहरे झाले असतील, त्याचं एखादं तपकिरी कागदावरचं रेखाटन बघायला मला आवडलं असतं. पण तिथं ‘हार्पर्स’चा माणूस नव्हता.