घरच्या शाळेची घडी

लेकीला घरीच शिकवायचं ठरलं, तेव्हा वाल्डॉर्फ पद्धतीतली एक गोष्ट मला लगेच पटली. तीन-चार आठवडे एकच विषय, रोज सकाळी साधारण दोन तास. १९१९ मध्ये रुडॉल्फ स्टायनर यांनी जर्मनीत श्टुटगार्टला सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी पहिली वाल्डॉर्फ शाळा काढली. सकाळच्या या दोन तासांना मुख्य धडा म्हणतात, तो तिथला.

पण बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या शेतकरी घरात घड्याळ लावून तास कसा घ्यायचा? म्हणून मी वेळ सोडली आणि क्रम धरला. धारा झाल्या, दूध डेअरीला गेलं, न्याहारी आटोपली की चटई पसरायची. पंधरवड्यात ती न बोलावता येऊन बसायला लागली.

आधी गाणं, टाळ्या-पावलांवर पाढे. मग कालची गोष्ट तिच्या तोंडून. मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं: आज सांगितलेलं आज विचारायचं नाही, मध्ये एक झोप जाऊ द्यायची. मग चित्र, चार ओळी आणि शेवटी नवी गोष्ट.

या पद्धतीत नवव्या वर्षी शेती, घरबांधणी आणि मापं असतात. शेतीचे आठवडे मी मुद्दाम जुलैत घेतले, भाताच्या रोप लागणीला. भर पावसात तरव्याची, म्हणजे रोपांची पेंडी सोडून ती बायकांबरोबर मागं मागं सरकत लावत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच म्हणाली, "आई, पुढं सरकत लावलं तर आपलंच रोप आपण तुडवतो." हे मी शिकवलं नव्हतं.

धान्य मोजायची जुनी मापं सासूबाईंनी शिकवली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. तांदूळ ओतून ओतून अर्धा आणि पाव तिच्या हातात बसले. पुढच्या वर्षीच्या अपूर्णांकांची पायाभरणीच झाली.

मुख्य धड्यानंतर कन्नड. या पद्धतीत परक्या भाषा पहिलीपासून कानानं, गाण्यांतून येतात. आमच्या शेजारच्या अक्का तिला कन्नड गाणी म्हणून दाखवतात. अक्षरं नंतर. सीमेवरच्या मुलांना तर दोन्ही भाषा अशाच, मायेनं मिळाव्यात.

दुपार मोकळी. विणकाम, नाहीतर नुसता ओढा.

सुगी उरकली की घरबांधणी. गोठ्याची भिंत घालायचीच आहे, आणि गवंडीमामांनी ओळंबा तिच्या हातात द्यायचं कबूल केलंय.